पांढऱ्या द्राक्षमद्याचा गंध : गुण कोणता, दोष कोणता?

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. एका स्नेह्यांच्या घरीं जेवणाचा बेत होता. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त जर्मनींत असत. सुटीवर येतांना त्यांनीं मोझेल नदीच्या कांठची, रीझलिंग जातीच्या द्राक्षांपासून केलेली, दहा-बारा वर्षें मुरलेली पांढऱ्या वाइनची एक बाटली वडिलांसाठीं मोठ्या हौसेनें आणली होती. चिरंजीव त्या दिवशीं परगांवीं गेले होते. बाटली उघडली, पेले भरले, आणि पहिला पेला नाकाशीं नेतांच यजमानांचा चेहरा उतरला. "अहो, ह्याला तर चक्क घासलेटाचा वास येतो आहे!" ते म्हणाले. आम्हीं सर्वांनीं वास घेतला. वास खरोखरच घासलेटासारखा होता. प्रवासांत कांहीं तरी सांडलें असावें, किंवा माल बनावट असावा, असे तर्क निघाले. मीहि मान डोलावली. आणि ती सबंध बाटली मोरींत ओतली गेली.

पुढें वर्षा-दीड वर्षानें त्याच घरीं दुसरा प्रसंग आला. ह्या वेळीं बाटली फ्रान्सची होती आणि किंमत बरीच मोठी होती. पेल्यांतून पावसाळ्यांत भिजलेल्या पोत्यासारखा, बंद तळघरासारखा कुबट वास येत होता. परंतु किंमत सर्वांना ठाऊक होती. "फ्रेंच चव अशीच असते," असें एक गृहस्थ म्हणाले, आणि आम्ही सर्वांनीं ती निमूटपणें, किंबहुना स्तुति करीत, संपविली.

आज मागें वळून पाहतां वाटतें कीं, पहिल्या दिवशीं आम्हीं निरपराध्याला फांसावर चढविलें, आणि दुसऱ्या दिवशीं खऱ्या अपराध्याला मानानें सोडून दिलें. दोन्ही वेळां नाकानें साक्ष बरोबर दिली होती. चुकला तो न्यायाधीश. साक्षीचा अर्थ त्याला लावतां आला नाहीं. हा अर्थ कसा लावावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मद्यपानाचा पुरस्कार करण्यासाठीं मी बोलत नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. ज्यांच्या घरीं हा पदार्थ वर्ज्य आहे त्यांच्या निश्चयाविषयीं मला आदर आहे. आणि त्यांनाहि ह्या भाषणांत निदान नाकाविषयीं चार गोष्टी सांपडतील, अशी आशा आहे. परंतु हा विषय आतां केवळ परदेशचा राहिला नाहीं, हेंहि खरें. नाशिक जिल्ह्यांत सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शनँ ब्लाँ ह्या फ्रेंच जातींच्या वेली रुजल्या आहेत, आणि तेथील पांढरी वाइन शहरांतल्या पुष्कळ घरांतून सणासमारंभाला येऊं लागली आहे. जी वस्तु घरांत येते तिची पारख घरांत असावी, हें बरें.

आपल्याकडे हा विषय अगदींच नवा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्राक्षांच्या रसापासून केलेल्या मद्याला 'मधु' असें नांव असून, त्याचे कापिशायन आणि हारहूरक हे प्रकार ज्या प्रदेशांत तें होतें त्यांवरून ओळखले जात, असें सांगितलें आहे. म्हणजे मद्य कोठलें, असें विचारण्याची चाल दोन हजार वर्षांइतकी तरी जुनी आहे. आपल्या नैयायिकांनीं गंध हा पृथ्वीचा गुण मानला आणि त्याचे सुरभि व असुरभि असे दोन भेद केले. व्यवहारांत आपणहि तेंच करतों. वास एक तर चांगला, नाहीं तर वाईट. पण निसर्गांत हा भेद इतका सरळ नाहीं. मोगऱ्याच्या सुवासांत इंडोल नांवाचें एक द्रव्य असतें. विष्ठेच्या दुर्गंधींतहि तेंच असतें. हिंगाचा खडा डबींतून काढला तर नाक मुरडावें असें वाटतें, आणि तोच फोडणींत पडला कीं भूक चाळवते. द्रव्य एकच, प्रमाण, सोबत आणि स्थान ह्यांवरून त्याचा गुण किंवा दोष ठरतो. वाइनच्या बाबतींत हें सूत्र पदोपदीं अनुभवास येतें. वाइनचा बहुतेक भाग पाणी, आणि शेंकडा बारा-तेरा भाग अल्कोहोल. जिला आपण तिचा गंध म्हणतों तो सारा उरलेल्या लहानशा अंशांतल्याहि अंशमात्र द्रव्यांचा खेळ असतो.

प्रथम ज्यांच्यावर उगाच आळ येतो त्यांचा विचार करूं.

घासलेटाच्या वासापासूनच आरंभ करावा. द्राक्षाच्या सालींत कॅरोटिनॉइड नांवाचीं पिवळीं-केशरी रंगद्रव्यें असतात. गाजराला रंग येतो तो ह्याच कुळांतल्या द्रव्यांमुळें. वेलीवर घडाला ऊन लागतें तसतशीं हीं द्रव्यें मोडत जातात, आणि त्यांपासून झालेलीं कांहीं गंधहीन संयुगें रसाबरोबर वाइनमध्यें उतरतात. बाटलींत, वाइनच्या आंबटपणाच्या संगतींत, वर्षानुवर्षें तीं मंदपणें फुटत राहतात आणि त्यांतून ट्रायमेथिल-डायहायड्रोनॅफ्थलीन ह्या लांबलचक नांवाचें द्रव्य तयार होतें. १९७८ सालीं ऑस्ट्रेलियांतल्या संशोधनांत जुन्या रीझलिंगमधील घासलेटी वासाचें कारण म्हणून तें ओळखलें गेलें. म्हणजे आम्हीं मोरींत ओतलेल्या बाटलींत बाहेरचें कांहींच पडलें नव्हतें. तो वास तिच्या वयाचा दाखला होता. मधासारख्या, लिंबाच्या सालीसारख्या इतर गंधांच्या मागें तो उभा असतो, आणि जाणते लोक त्याच्यासाठींच वाट पाहतात. मात्र वर्षा-दोन वर्षांच्या कोवळ्या वाइनमध्यें हाच वास सर्वांना मागें सारून पुढें आला, तर द्राक्षांना वाजवीपेक्षां अधिक ऊन लागलें, असा त्याचा अर्थ होतो, आणि पुष्कळ उत्पादक त्याला उणेपणाच समजतात. पुन्हां तेंच, प्रमाण आणि स्थान.

दुसरा आळ सोव्हिन्याँ ब्लाँवर येतो. हिच्या पेल्यांतून कधीं मांजराच्या मुताची आठवण देणारा उग्र वास येतो. ऐकावयास हें किळसवाणें वाटेल. पण फ्रान्समध्यें व न्यूझीलंडमध्यें हा शब्द तज्ज्ञ लोक गंभीरपणें वापरतात. बोर्दो येथील विद्यापीठांत देनी द्युबुर्दिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९० नंतरच्या दशकांत ह्या वासाचा छडा लावला. गंधक असलेलीं, थायॉल ह्या कुळांतलीं कांहीं द्रव्यें त्याच्या मुळाशीं आहेत. द्राक्षाच्या रसांत तीं बांधलेल्या, गंधहीन स्थितींत असतात. रस आंबत असतांना किण्व त्यांची सुटका करतें. त्याच कुळांतलें एक द्रव्य पिकलेल्या पेरूच्या सुवासांतहि असतें. म्हणूनच एकाच पेल्यांत एकाला पेरू भेटतो आणि दुसऱ्याला मांजर. दोघेहि खोटें बोलत नसतात.

ह्याच द्राक्षांत ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास येतो, तो वेगळ्या द्रव्याचा. त्याला मेथॉक्सिपायराझीन म्हणतात, आणि ढोबळ्या मिरचीच्या वासाचेंहि तेंच मूळ आहे. द्राक्ष पिकत जाईल तसें तें कमी होतें. म्हणून हा वास फार असला तर तोडणी घाईनें झाली असावी, असा तर्क करतां येतो. पण हा तर्कहि सावधपणें करावा लागतो. २००१ सालीं कॅनडाच्या ऑन्टॅरियो प्रांतांतील पुष्कळ वाइनला असाच हिरवट, शेंगदाण्याच्या टरफलासारखा विचित्र वास आला. शोध घेतां असें दिसलें कीं, त्या हंगामांत ठिपक्यांचे छोटे भुंगेरे घडांत शिरून द्राक्षांबरोबर चिरडले गेले होते, आणि त्यांच्या अंगांतहि ह्याच जातीचीं द्रव्यें होतीं!

कांहीं पांढऱ्या वाइनना, विशेषतः शार्दनेला, लोण्याचा वास येतो. ह्यांत भेसळ नसते. वाइनमधील मॅलिक आम्लाचें मवाळ लॅक्टिक आम्लांत रूपांतर करणारे जंतु डायॅसिटिल नांवाचें द्रव्य निर्माण करतात; आपल्या घरीं विरजलेल्या सायीच्या लोण्याला वास येतो तो त्याच द्रव्यामुळें. तसेंच नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास. तो थोडा असेल आणि पेल्यांत दहा मिनिटांत विरत असेल, तर चिंतेचें कारण नाहीं. बर्गंडी प्रांतांतले कांहीं उत्पादक तर तो थोडासा राखतात.

गंधाचा नव्हे, पण आळाचाच एक प्रकार येथें सांगून टाकतों. बाटलीच्या तळाशीं किंवा बुचाच्या टोंकाला कधीं चकचकीत बारीक स्फटिक दिसतात. कांचेचा चुरा समजून लोक घाबरतात. हे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे खडे असतात, आणि गारव्यानें ते वेगळे होतात. चिंचेच्या आंबटपणाचें मुख्य कारणहि हेंच टार्टारिक आम्ल आहे. वाइन हलकेच ओतून खडे मागें ठेवावे, म्हणजे झालें.

आतां खरे अपराधी पाहूं.

पहिला म्हणजे बुचाचा दोष. आमची ती फ्रेंच बाटली ह्याच रोगानें पछाडलेली होती. बूच हें ओक जातीच्या एका झाडाची साल. त्या सालींत, किंवा तळघराच्या लांकडांत, क्लोरीनयुक्त द्रव्यांशीं बुरशीची गांठ पडली कीं ट्रायक्लोरोअनिसोल नांवाचें द्रव्य उत्पन्न होतें. स्वित्झर्लंडमधील हान्स टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत बुचाच्या दोषाचें कारण म्हणून तें दाखवून दिलें. त्याची शक्ति विलक्षण आहे. एका लिटरांत एका ग्रॅमचे चार अब्जांश भाग एवढें असलें तरी पुष्कळांना तें जाणवतें. कल्पना यावी म्हणून हिशेब सांगतों. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल असा पोहण्याचा तलाव घेतला तर त्यांत २५ लाख लिटर पाणी मावतें. तेवढ्या वाइनमध्यें हा दोष उत्पन्न करावयास ह्या द्रव्याचे १० मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या सुमारें अर्ध्या वजनाइतका कण पुरेल.

त्याचा दुसरा गुण अधिक घातक आहे. २०१३ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, हें द्रव्य वास घेणाऱ्या पेशींचें कामच दडपून टाकतें. त्यामुळें तें अगदीं थोडें असलें तर कुबट वास येतच नाहीं. केवळ वाइनचा स्वतःचा सुवास नाहींसा होतो. पिणाऱ्याला वाटतें, वाइन सुमार आहे. आणि उत्पादकाचें नांव विनाकारण बद्दू होतें. ह्या दोषाला कंटाळून ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर खोऱ्यांतील रीझलिंगच्या कांहीं उत्पादकांनीं २००० सालच्या हंगामापासून एकजुटीनें आट्यांचें धातूचें झांकण स्वीकारलें. तेव्हां फिरवून उघडावयाचें झांकण दिसलें म्हणजे माल हलका, ही समजूत सोडून द्यावी. बूच करणाऱ्यांनींहि ह्यानंतर आपली परीक्षा कडक केली आहे, आणि हा दोष पूर्वीपेक्षां पुष्कळ कमी झाला आहे. पण नाहींसा झालेला नाहीं.

दुसरा अपराधी हवा. सफरचंद कापून ठेवलें कीं काळवंडतें, तशीच गत पांढऱ्या वाइनची हवेनें होते. रंग फिकट पिवळ्याचा गडद सोनेरी आणि शेवटीं तपकिरी होतो. ताज्या फळाचा वास जाऊन चेंगरलेल्या सफरचंदाचा, शिळ्या सुक्यामेव्याचा वास येतो. १९९५ नंतरच्या कांहीं हंगामांतल्या बर्गंडीच्या मोठमोठ्या पांढऱ्या वाइन वेळेच्या कितीतरी आधीं अशा म्हाताऱ्या झाल्या, आणि ज्यांनीं त्या वीस-वीस वर्षांसाठीं जपून ठेवल्या होत्या त्यांची मोठी निराशा झाली. पण येथेंहि न्यायाधीशानें घाई करूं नये. स्पेनमधील हेरेथची शेरी आणि फ्रान्सच्या जूरा प्रांतांतील पिवळी वाइन ह्यांत हाच अक्रोडासारखा वास मुद्दाम आणलेला असतो. जूरामधील ती वाइन पिंपांत किण्वाच्या सायीखालीं सहा वर्षांहून अधिक काळ राहते. जें तेथें कुलाचाराचें, तेंच दोन वर्षांच्या सोव्हिन्याँमध्यें नासलेपणाचें लक्षण.

तिसरा अपराधी सिरका. हवेच्या साहाय्यानें कांहीं जंतु अल्कोहोलपासून ॲसेटिक आम्ल करतात. त्याच्या जोडीला नखांचा रंग काढावयाच्या द्रवासारखा झोंबरा वास येतो. वाइनच्या अशा रोगांचा शास्त्रीय अभ्यास लुई पाश्चर ह्यांनीं केला आणि १८६६ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. दुधाच्या पिशवीवर आपण ज्यांचें नांव वाचतों त्यांची ती मंद तापविण्याची युक्ति प्रथम दुधासाठीं नव्हे, वाइन टिकावी म्हणून योजिली गेली होती, हें पुष्कळांना ठाऊक नसेल.

चौथा, सडक्या अंड्याचा वास. रसांत नत्रयुक्त पोषण कमी पडलें कीं किण्व उपाशी राहतें, आणि त्या अवस्थेंत हायड्रोजन सल्फाइड वायु सोडतें. हा दोष पुष्कळदां हलका असतो. पेला हलवून थोडा वेळ ठेवला तर उडून जातो. न गेल्यास एक प्रयोग करून पाहावा. वेगळ्या पेल्यांत दोन घोट घेऊन त्यांत स्वच्छ तांब्याची तार क्षणभर फिरवावी. तांबें गंधकाला धरून ठेवतें आणि वास उतरतो. म्हणजे रोगाचें निदान झालें. मात्र ती वाइन पिऊं नये. तांब्याच्या भांड्यांत आंबट ठेवूं नये, हा आपल्या स्वयंपाकघरांतला जुना नियम येथेंहि लागू आहे. ह्या दोषाचा जून प्रकार म्हणजे शिजलेल्या कोबीचा किंवा जळलेल्या रबराचा वास. तो मात्र सहसा हटत नाहीं.

पांचवा अपराधी उजेड. हा दोष उत्पादकाचा नसून पुष्कळदां दुकानदाराचा आणि आपला असतो. वाइनमध्यें रिबोफ्लेविन नांवाचें जीवनसत्त्व असतें. तें प्रकाश शोषून घेतें आणि गंधकयुक्त अमिनो आम्लांना मोडतें; त्यांतून ओल्या लोकरीसारखा, शिळ्या कोबीसारखा वास निर्माण होतो. बिनरंगी कांचेच्या बाटलींत, दुकानांतल्या दिव्यांखालीं, ह्याला फार वेळ लागत नाहीं. क्रिस्ताल ह्या प्रसिद्ध शँपेनची बाटली बिनरंगी कांचेची असल्यामुळें तिला पिवळसर नारिंगी पारदर्शक कागद गुंडाळलेला असतो. तो शोभेसाठीं नव्हे. उष्णतेचेंहि तसेंच. बारा-चौदा अंशांत सुखानें राहणारी वस्तु आपल्या वैशाख-ज्येष्ठांत चाळीस अंशांत कपाटाच्या माथ्यावर ठेवली, तर फुलांचा वास जाऊन शिजलेल्या फळांचा वास येणारच. नाशिकच्या माणसानें वर्षभर राबून केलेली वाइन मुंबईच्या दुकानाच्या कांचेआड महिनाभर तापली, तर दूषण मात्र नाशिकला लागतें. हा अन्याय टाळणें आपल्या हातीं आहे. उभ्या उन्हांतल्या किंवा कडक दिव्याखालच्या फळीवरची बाटली घेऊं नये, आणि घरीं ती अंधारांत, थंड जागीं ठेवावी.

सहावा अपराधी सर्वांत चमत्कारिक आहे. त्याला उंदराचा वास म्हणतात. नाकाशीं पेला नेला तर कांहींच कळत नाहीं. घोट गिळल्यावर अर्ध्या-एक मिनिटानें घशाच्या मागून उंदराच्या पिंजऱ्यासारखा वास वर येतो आणि बराच वेळ जात नाहीं. ह्याचें कारण मनोरंजक आहे. हीं द्रव्यें वाइनच्या आंबटपणांत बांधलेलीं असतात, म्हणून उडत नाहींत. तोंडांतल्या लाळेनें आंबटपणा शमला कीं तीं मोकळीं होतात. गंधकाचा धूर किंवा त्याचे क्षार अजिबात न वापरतां केलेल्या वाइनमध्यें हा दोष अधिक आढळतो. आणि आतां गंमत ऐका. ह्या दोषाला कारण होणाऱ्या द्रव्यांपैकीं एकाचें नांव आहे ॲसिटिल-पायरोलिन. आपल्या आंबेमोहर तांदळाचा भात शिजूं लागला कीं सारें घर ज्या सुवासानें भरून जातें, तो सुवास मुख्यतः ह्याच द्रव्याचा! ताटांत जें भूषण तेंच पेल्यांत दूषण.

श्रोतेहो, परीक्षा प्रत्यक्ष कशी करावी, तें आतां थोडक्यांत सांगतों. पेल्यांत दोन बोटांइतकीच वाइन घ्यावी. प्रथम पेला न हलवितां वास घ्यावा, मग हलवून घ्यावा. बर्फासारखी गार वाइन आपले गुण आणि दोष दोन्ही लपविते. म्हणून संशय आला तर ती थोडी निवळूं द्यावी. त्यानंतर दहा मिनिटें थांबावें. ही दहा मिनिटें फार महत्त्वाचीं आहेत. काडेपेटीचा वास, अंड्याचा हलका वास, कोंडलेपणा हे हवा लागतां कमी होतात. बुचाचा कुबटपणा मात्र कमी होत नाहीं, उलट अधिकच उघडा पडतो. रंग पांढऱ्या कागदावर धरून पाहावा. एकाच जातीची दुसरी बाटली हाताशीं असेल तर शेजारीं ठेवून तुलना करावी. तिच्यासारखी साक्ष दुसरी नाहीं. आणि वारंवार हुंगूं नये. नाक लौकर थकतें. मिनिटाभरांत तें संवयीला बळी पडतें आणि दोष आहे तसाच असतां नाहींसा झाल्यासारखा वाटतो.

शब्दांचीहि मदत घ्यावी. कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील विद्यापीठाच्या ॲन नोबल ह्यांनीं १९८४ सालीं वाइनच्या गंधांचें एक चक्र प्रसिद्ध केलें. 'उमदी', 'नाजूक' असले मोघम शब्द टाकून लिंबू, मध, ओलें गवत, जुनें वर्तमानपत्र अशीं ओळखीचीं नांवें वापरावीं, हा त्याचा हेतु. आपल्याला ह्यासाठीं परक्या फळांचीं नांवें पाठ करावयाचें कारण नाहीं. पेरू, फणस, कैरी, ओलें पोतें, डांबराच्या गोळ्या, घासलेट, विझलेली काडी. आपल्या घरांतला शब्दसंग्रह पुरेसा समृद्ध आहे.

तरीहि नम्रता सोडूं नये. बोर्दो येथें केलेला एक प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन देण्यांत आली, आणि तीच वाइन गंधहीन रंगानें तांबडी करूनहि देण्यांत आली. तांबड्या रंगाच्या पेल्याचें वर्णन त्यांनीं तांबड्या वाइनच्या शब्दांत केलें. डोळ्यानें पाहिलें तें नाकानें मान्य केलें. आम्हीं तरी दुसरें काय केलें होतें? जर्मन बाटलीवरची अक्षरें आम्हांस वाचतां येत नव्हतीं, म्हणून आम्हीं तिच्यावर अविश्वास ठेवला. फ्रेंच बाटलीची किंमत ठाऊक होती, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवला. शिवाय सर्वांचीं नाकें सारखीं नसतात. उंदराचा वास कित्येकांना मुळींच येत नाहीं; बुचाचा दोष कोणाला लगेच कळतो, कोणाला कळतच नाहीं. त्यामुळें शेजाऱ्याला कांहीं खटकलें तर त्याला हंसूं नये.

शेवटीं व्यवहाराची एक गोष्ट. मोठ्या उपाहारगृहांत बाटली उघडून प्रथम यजमानाच्या पेल्यांत थोडी ओततात. वाइन आवडली कीं नाहीं, हें विचारण्यासाठीं ती चाल नाहीं; ती निर्दोष आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं आहे. त्या वेळीं मान डोलावण्यापूर्वीं शांतपणें वास घ्यावा, आणि कुबटपणा जाणवला तर संकोच न करितां, आवाज न चढवितां, "ही बाटली बिघडलेली दिसते, आपणहि वास घेऊन पाहा," असें म्हणावें. दुकानांतून आणलेली बाटली सदोष निघाली तर उरलेली वाइन व बूच तसेंच ठेवून परत न्यावें. अर्धी अधिक संपवून तक्रार करणें मात्र शोभत नाहीं. आणि केवळ चव आपल्या संवयीची नाहीं, एवढ्यावरून कोणालाहि दोषी ठरवूं नये.

मीं ही सर्व हकीकत माझ्या स्नेह्यांना पुढें सांगितली, तेव्हां ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मुलानें आणलेली चांगली होती." त्यांना हळहळ वाटली ती वाइनची नव्हे. 'बाटली खराब निघाली,' असें त्यांनीं मुलाला त्याच आठवड्यांत कळविलें होतें, आणि त्यानंतर मुलानें पुन्हां कधीं बाटली आणली नव्हती. त्या रात्रीं त्यांनीं मुलाला फोन केला. काय बोलणें झालें तें मला ठाऊक नाहीं. परंतु पुढच्या सुटींत घरीं आणखी एक जुनी रीझलिंग आली. तिलाहि घासलेटाचा वास होता. ह्या वेळीं आम्हीं दहा मिनिटें थांबलों.